कफीलच्या बापाची गाडी आणि माझा हुद्दा

मी इंजिनिअर आहे, मेकॅनिकल. हे मुद्दाम पहिल्याच ओळीत लिहितो, कारण माझ्या इकाम्यावर कितीतरी वर्षं दुसरंच लिहिलेलं होतं. इकामा म्हणजे सौदीत राहण्याचा परवाना. त्यावर तुमचं नाव, कफीलचं म्हणजे मालकाचं नाव, आणि तुमचा हुद्दा. माझा हुद्दा होता 'गाडी मेकॅनिक'. मेकॅनिक असण्यात कमीपणा नाही, मीही रोज कोपरापर्यंत काळा होतो. पण जे मी नाही ते माझ्या नावापुढे का? आणि नुसता मानाचा प्रश्न असता तर गिळला असता. मेकॅनिकच्या इकाम्यावर बायकोमुलीला इथे राहायला आणता येत नाही, इंजिनिअरच्या इकाम्यावर येतं. बायको आणि मुलगी रायगडात समुद्राकाठी, मी अल खर्जच्या वाळूत, आणि मध्ये हा हुद्दा.

चूक कोणाची म्हणाल तर आमच्याच आनंदाची. आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजची पायरी कोणी चढलं नव्हतं. अब्बा मालवाहू जहाजावर खलाशी होते, सही करताना अजूनही जीभ दातांत धरतात. मी पास झालो तेव्हा अम्मीने डिग्रीचं सर्टिफिकेट दोन्ही हातांत घेतलं, पालथं करून पाहिलं, आणि तालुक्याला जाऊन चांगल्या जाड प्लॅस्टिकात लॅमिनेशन करून आणलं. "पावसाळ्यात बुरशी धरेल," म्हणाली. आता सौदीच्या व्हिसासाठी डिग्रीच्या पाठीवर सरकारी शिक्के लागतात, आणि प्लॅस्टिकवर शिक्का बसत नाही. खिडकीतल्या माणसाने ती परत सरकवली आणि म्हणाला, "ही आता भिंतीवर लावा." प्लॅस्टिक सोलायला गेलो तर अक्षरंच सोलून यायला लागली. ज्या घरांत आधी दोन-चार डिग्र्या येऊन गेलेल्या असतात त्यांना हे ठाऊक असतं. आमच्याकडे पहिलीच आलेली, तिला आम्ही जरीच्या साडीसारखं जपलं आणि निकामी केलं. एजंट म्हणाला, मेकॅनिकचा व्हिसा तयार आहे, जा, तिथे गेल्यावर बदलून मिळतो.

मिळतो! पुढे विद्यापीठाकडून दुसरी प्रत आली, शिक्के झाले, इथल्या अभियंत्यांच्या मंडळाची मान्यताही मी मिळवली. माझ्या बाजूचं सगळं तयार. आता फक्त कफीलने त्याच्या फोनवरून अर्ज पुढे सरकवायचा होता. सगळं ऑनलाइन आहे हल्ली, चहा निवायच्या आत होणारं काम.

"इन्शाल्लाह," तो म्हणायचा.

मी मुसलमान आहे, हा शब्द दिवसातून दहादा माझ्याही तोंडी असतो. पण या माणसाच्या तोंडून आला की माझ्या छातीत जळजळायचं. वाईट माणूस म्हणून निकालात काढता येईल असा तो नव्हता. पगार वेळेवर, ईदला मिठी, अब्बांचं ऑपरेशन झालं तेव्हा स्वतः फोन करून विचारपूस. त्याचा वर्कशॉप त्याच्याच शेताच्या कडेला आहे, आजूबाजूच्या डेअरींचे दुधाचे टँकर आम्ही दुरुस्त करतो. आणि तो सगळ्यांनाच 'या मुहंदिस' म्हणतो. 'या' म्हणजे अरे, मुहंदिस म्हणजे इंजिनिअर. नळवाला मुहंदिस, टायरवाला मुहंदिस, एसीत गॅस भरणारा मुहंदिस. तोंडाने पदवी वाटायला विद्यापीठ लागत नाही.

मग एक दिवस सतहावरून, म्हणजे गाड्या वाहून नेणाऱ्या सपाट पाठीच्या ट्रकवरून, ती आली. ताडपत्री काढली तर दोन दारांची, लांबलचक नाकाची, मागून आखूड अशी गाडी, आणि बॉनेटखाली आठ सिलिंडरचं आडदांड इंजिन. अमेरिकेत एकेकाळी तरुण पोरांना जोरात पळवायला केलेल्या या गाड्या. आज त्यांना मसल कार म्हणतात, तेव्हा इथे नुसतं 'अमरीकी' म्हणत. कफीलच्या बापाने ऐन तारुण्यात घेतलेली. बाप गेल्यावर भावाच्या शेडमध्ये पडून होती.

आमच्या गावी एवढी वर्षं उभी असती तर खाऱ्या वाऱ्याने तिची चाळण केली असती. इथल्या कोरड्या हवेने पत्रा राखला आणि रबर खाल्लं. दाराच्या पट्ट्या, पाण्याच्या नळ्या, पंख्याचा पट्टा, ज्याला हात लावावा ते खारीसारखं चुरायचं. सीटमध्ये उंदरांनी बाळंतपणं केलेली. आणि वाळू. डॅशबोर्डावरच्या घड्याळाच्या काचेआतसुद्धा वाळू.

कफीलने बॉनेटवर तळहात ठेवला. "यातून मी शाळेत जायचो. हिला उठव, या मुहंदिस. ज्या दिवशी ही स्वतःच्या इंजिनावर माझ्या मजलिसच्या दारात येऊन उभी राहील, त्या दिवशी तुझा हुद्दा बदलतो. वल्लाह."

मजलिस म्हणजे पाहुण्यांची बैठक, आणि वल्लाह म्हणजे अल्लाची शपथ. मी तरी म्हटलं, "गाडीचा आणि इकाम्याचा काय संबंध?"

"काही नाही," तो हसला. "पण तू खूश, मी खूश."

बायकोला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "म्हातारी आहे का ती गाडी?"

"तुझ्या-माझ्यापेक्षा मोठी."

"मग जरा बेतानं. सवत म्हातारी असली तरी सवतच."

इंजिन जाम होतं. पिस्टन सिलिंडरला धरून बसलेले. प्लग काढून आठही भोकांत डिझेल आणि पातळ तेल ओतलं आणि रोज टँकरचं काम उरकल्यावर क्रँकच्या नटाला लांब पान्हा लावून बघायचो. ढिम्म. जोर लावावा तर मोडायची भीती, न लावावा तर हलत नाही. आठवड्यांमागून आठवडे मी त्या पान्ह्याला लोंबकळत होतो. मग एका संध्याकाळी तो केसभर सरकला. कोणाला सांगणार? वर्कशॉप रिकामा होता. मीच माझ्याशी 'सुटलं' असं मोठ्याने म्हणालो.

इंजिन सुटलं तशी मतं सुटली. गाडी मूळची पांढरी. कफील म्हणाला काळी करू. अस्तर मारून झालं तेव्हा त्याच्या चुलतभावाने फोनवर कसलासा व्हिडिओ दाखवला, मग लाल. खरवडून लाल केली तर कफीलच्या आईला आवडली नाही. परत पांढरी. मध्येच चुलतभाऊ म्हणाला, हे जुनं इंजिन काढून नवं जपानी टाका, बॉनेट उघडून कोण बघतंय? मी म्हटलं, "मग आत बसवायला बापही नवा आणा." हे मी मराठीत म्हटलं, म्हणून नोकरी राहिली.

दर गुरुवारी पाहुणे यायचे. गहवाचे, म्हणजे अरबी कॉफीचे, इवलेसे कप हातात धरून बॉनेटभोवती उभे राहायचे.

"बॅटरी गेलीये," एक म्हणायचा.

"बॅटरी नाही, कार्बोरेटर."

"काही नाही, नजर लागलीये."

"तिन्ही असेल," कफील म्हणायचा. "या मुहंदिस, तिन्ही बघ."

खरा छळ उन्हाळ्यात सुरू झाला. सकाळच्या गारव्यात गाडी पहिल्या सेल्फला उठायची. गुरगुर अशी की टँकरचे ड्रायव्हर नाश्ता टाकून बघायला यायचे. पण कफील सकाळी कधी यायचा नाही. तो यायचा दुपारी, अस्रच्या नमाजानंतर, जमीन भट्टीसारखी तापलेली असताना. तेव्हा ती सुरू व्हायची, अंगणात अर्धा फेरा मारायची, दोन आचके द्यायची आणि गप्प.

"उठली नाही," तो म्हणायचा.

"सकाळी उठली होती."

"सकाळी मी नव्हतो."

जणू मी सकाळचं खोटं बोलतोय. मी व्हिडिओ काढून दाखवला, तर म्हणाला, व्हिडिओत काय, काहीही दिसतं. हाच माणूस चुलतभावाचा व्हिडिओ बघून गाडी लाल करायला निघाला होता.

कारण मला कळलेलं होतं. पेट्रोलची नळी तापलेल्या एक्झॉस्टला जवळजवळ खेटून जात होती. एवढ्या उन्हात नळीतच पेट्रोल उकळून त्याची वाफ होते, आणि पंप वाफ ओढत बसतो, पेट्रोल पुढे जात नाही. तहानलेल्याने रिकामा पेला तोंडाला लावावा तसं. थंड देशात हा दोष झाकून जातो, इथे तो उघडा पडतो. मी नळी लांबून फिरवली, तिला उष्णता अडवणारं आवरण घातलं, कार्बोरेटरखाली बेकलाइटचा जाड तुकडा कापून बसवला आणि जादा पेट्रोल टाकीत परत जाईल अशी दुसरी नळी टाकली. हे मला कोणी सांगितलं नाही. कॉलेजात उष्णतेचा विषय मी मनापासून शिकलो होतो आणि त्यात मला चांगले मार्क होते. हे लिहिताना मला लाज वाटत नाही. माझ्या गल्लीत हा विषय शिकलेला दुसरा कोणी नव्हता.

त्या गुरुवारी मी मुद्दाम दुपारची वेळ धरली. रस्त्यावर न्यायला तिचे कागद नव्हते, म्हणून शेताच्या आतल्या वाटेने, बरसीम घासाच्या हिरव्या पट्ट्यांमधून, दुसऱ्या गिअरवर तिला नेली. चाकाखाली वाळू करकरत होती आणि माझं सगळं लक्ष कानांत. आचका येतो का? आला नाही. मजलिसच्या उघड्या दारासमोर मी तिला उभी केली आणि इंजिन चालूच ठेवलं. चालू राहिली. ऊन डोक्यावर, आणि ती चालू.

कफील अनवाणी बाहेर आला. गाडीला फेरी मारली, बापाच्या बाजूचं दार उघडलं, बंद केलं, परत उघडलं. मग माझं डोकं दोन्ही हातांत धरून कपाळाचं चुंबन घेतलं. "आत ये. आज तू पाहुणा."

हात धुऊन मी दाराजवळच्या गादीवर बसलो. आता बोलेल, मनात म्हटलं. गहवा झाला. खजूर झाले. आता बोलेल.

मानाच्या जागी हफ्र अल बातिनहून आलेले एक म्हातारे होते, लष्करातून निवृत्त, कफीलच्या बापाचे जुने मित्र. त्यांची नजर दारातून गाडीवरच. "माशाल्लाह," ते म्हणाले. "माझ्या लग्नाला मी याच गाडीतून गेलो. तुझा बाप चालवत होता. रस्ता नव्हता तेव्हा, नुसती वाळू. माशाल्लाह, किती सुंदर केलीत."

आणि कफील, जसा कोणीही यजमान म्हणेल तसा, हात छातीवर ठेवून म्हणाला, "तुमच्यापेक्षा मोलाची नाही. तुमचीच समजा."

इथली ही रीतच आहे. पाहुण्याने घरातल्या वस्तूची तारीफ केली की यजमान ती देऊ करतो. आणि पाहुण्याने म्हणायचं असतं की ती तिच्या मालकाकडेच शोभते. विषय संपतो. मी एकदा याच कफीलच्या पेनला चांगलं म्हटलं तर त्याने ताबडतोब खिशातून काढून पुढे केला होता, आणि मीही शहाण्यासारखं 'तुमच्याकडेच शोभतो' म्हणालो होतो. परदेशी माणसाला जे कळतं ते तिथे बसलेल्या प्रत्येकाला दुधाच्या दातांपासून माहीत असतं.

म्हाताऱ्यांनी कप बोटांत फिरवला. सगळे पुढच्या वाक्याची वाट बघत होते.

"कबिल्त," ते म्हणाले. घेतली.

बाहेर गाडी चालूच होती, ती मी बंद करायला विसरलो होतो. "मबरूक," कफील म्हणाला. लखलाभ असो. चार माणसांत दिलेला शब्द, तोही बापाच्या मित्राला, परत कसा घेणार? म्हाताऱ्यांना रीत माहीत नव्हती असं नाही. त्या गाडीपुढे त्यांना ती पाळायची नव्हती.

मला काय वाटलं? दरवाजा समोर उघडा आणि कोणीतरी बाहेरून कडी घातली, असं. कारण कफील माझ्याकडे बघतच नव्हता.

अवघडलेपण मोडायला कोणीतरी म्हणालं, "आणि हा मुहंदिस? गाडीबरोबर जातो का?"

सगळे हसले. कफीलही हसला, सुटका झाल्यासारखा. "नाही, नाही. गाडी तुमची, हा माझा."

मी उठून उभा राहिलो. उठायचं ठरवलं नव्हतं. गुडघ्यांनी ठरवलं असावं.

"ताल उमरक," मी म्हटलं. दीर्घायुषी व्हा, मोठ्यांशी बोलताना अशीच सुरुवात करतात. माझी अरबी वर्कशॉपची, पण त्या दिवशी अडखळली नाही. "मी गाडीचा सुटा भाग नाही, कुणाचाच नाही. आणि मुहंदिस म्हणता, तर कागदावर मी मुहंदिसही नाही. गाडी दारात उभी राहील त्या दिवशी माझा हुद्दा बदलून देईन, असं तुम्ही वल्लाह म्हणून बोलला होतात. गाडी दारात आहे. आवाज येतोय. यांना तुम्ही शिष्टाचाराचं वाक्य बोललात, ते पाळलंत. माझं तर शपथेवरचं होतं."

कोणी हसलं नाही. म्हाताऱ्यांनी कफीलकडे पाहिलं. "बोलला होतास?"

"बोललो होतो. पण..."

"पण काय?"

"पण गाडी आता माझी राहिली नाही."

"गाडी माझी," म्हातारे म्हणाले. "शब्द तुझाच आहे. फोन काढ."

कफीलने फोन काढला. चष्मा लावला. अंगठा वरखाली फिरला, थांबला, फिरला. एवढ्या वर्षांत जे झालं नव्हतं ते खजुराची एक बी तोंडात घोळवायला लागते तेवढ्या वेळात झालं, आणि याचाच मला सगळ्यात जास्त राग आला. माझा फोन थरथरला. अर्ज मंजूर आहे का, असं विचारत होता. घामाने बोट उमटेना. पँटला पुसून परत दाबलं.

"अबशिर," कफील म्हणाला. मागितलेलं दिलं की असं म्हणतात. माझ्याकडे न बघता म्हणाला.

सूर्य मावळायच्या आत सतहा आला. म्हाताऱ्यांचा ड्रायव्हर गाडीत बसला. मी खिडकीशी जाऊन सांगितलं, "पेडल दोनदाच दाबा, जास्त नको. मग चावी फिरवा."

"तमाम, तमाम," म्हणत त्याने पेडल सात-आठदा दाबलं. पेट्रोलचा भपकारा आला. इंजिन भिजलं, सेल्फ नुसता कण्हत राहिला. मी दाराला हात घातला.

"राहू दे," कफील मागून म्हणाला. "आता आपली नाही."

मग तिला साखळीने ओढून वर चढवली. जी गाडी मी चालवत आणली ती ओझ्यासारखी गेली. चार गिअरची गाडी, आणि तिचा तिसरा-चौथा कसा पडतो ते मला आजही माहीत नाही. हफ्र अल बातिनला तिला कोण हात लावतं, नळी कोणी परत एक्झॉस्टजवळ तर आणली नाही ना, हेही नाही. एकदा ड्रायव्हरला फोन लावला होता. तो म्हणाला, दुपारी चालवत नाही आम्ही.

धूळ खाली बसली तेव्हा अंगणात आम्ही दोघंच उरलो होतो.

"ऑफिसात मागितलं असतंस तर दिलं असतं," कफील म्हणाला.

"ऑफिसात किती वेळा मागितलं."

"दिलंच असतं कधीतरी. ते माझं देणं झालं असतं. आज चार लोकांत तू ते घेतलंस."

"हो," मी म्हटलं. "घेतलं."

तो तेव्हापासून कामापुरतंच बोलतो. मबरूक म्हणाला नाही, ईदची मिठीही पाठीला हात लावण्यापुरती उरली. मला त्याचं वाईट वाटतं. आणि वाईट वाटतं याचाच राग येतो. त्याने बापाची गाडी घालवली, खरं आहे. पण ती त्याच्या जिभेने घालवली. माझा हुद्दा माझा होता. स्वतःची वस्तू मागायला माणसाने आधी कोणाचं तरी मेलेलं इंजिन जिवंत करावं, मग भर बैठकीत उभं राहावं, आणि वर उद्धटही ठरावं?

त्याच संध्याकाळी बायकोला फोन केला. मी गाडीचं सांगत होतो. नळीचं, बेकलाइटच्या तुकड्याचं, त्या गाढवाने इंजिन कसं भिजवलं त्याचं. ती ऐकत होती. मागे मुलगी पाढे म्हणत होती.

"अहो," ती शेवटी म्हणाली, "हुद्द्याचं काय झालं?"

"झालं."

"झालं? मग हे आधी सांगायचं सोडून नळीचं काय सांगताय मघापासून? आणि आवाज असा का?"

मला नीट सांगता येईना. आजही येत नाही.

"काही नाही," मी म्हटलं. "पोरीच्या शाळेत जा उद्या. दाखला काढायला लाग."